मध्यान्होत्तर कार्यमुक्त

आमच्या भागात एखाद्या मुलाला सरकारी नोकरी लागली की चौकात फ्लेक्स लागतो. दुसरी लागली की पहिल्यापेक्षा मोठा लागतो. तिसरी लागली की चौक अपुरा पडतो, कारण मधल्या काळात अभिनंदन करणारे वाढलेले असतात आणि प्रत्येकाला स्वतःचा फोटो उत्सवमूर्तीपेक्षा फार लहान नको असतो. मुलगा आधी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक, मग तलाठी, मग राज्यकर निरीक्षक. गाव कौतुकानं म्हणतं, पोरानं तीन पोस्ट काढल्या. फ्लेक्सवर फेटा असतो, गुलाल असतो, जिद्द आणि चिकाटी असते. पहिल्या नोकरीची वर्षं दुसरीत आणि दुसरीची तिसरीत जोडून मिळाली का, हे मात्र कोणीच छापत नाही.

ते विचारायला सरकारनं मला पगार दिला. माझी सगळी नोकरी आस्थापनेच्या टेबलावर गेली. आस्थापना हे कार्यालयातलं असं टेबल, की जिथे माणूस रुजू व्हायला येतो, रजा मागायला येतो आणि जायला येतो. मधल्या काळात तो काय काम करतो याच्याशी आमचा संबंध नसतो. सेवापुस्तकात डाव्या हाताच्या बोटांचे ठसे असतात, उंची असते, ‘उजव्या भुवईवर व्रण’ असतो, प्रत्येक वेतनवाढ असते. माणसानं कधी कोणाचं काम वेळेवर केलं का, यासाठी रकाना नाही. त्यामुळे कामचुकार माणसाची सेवा अखंड असू शकते आणि रात्रंदिवस राबणाऱ्याची खंडित. आम्ही फक्त दोरा तुटला का एवढंच बघतो.

हा दोरा तुटतो कसा? राजीनाम्यानं. ब्रिटिशांच्या सिव्हिल सर्व्हिस रेग्युलेशन्समध्ये ४१८ क्रमांकाचं कलम होतं. राजीनामा दिला की मागची सगळी सेवा जप्त. साहेब गेला, कलम राहिलं. केंद्राच्या १९७२ च्या निवृत्तिवेतन नियमांत ते २६ क्रमांकानं आलं, महाराष्ट्राच्या १९८२ च्या नियमांत ४६ क्रमांकानं. पण कलम लिहिणारा ब्रिटिश अगदीच निर्दय नव्हता. त्यानं खाली एक पोटकलम ठेवलं होतं: रीतसर परवानगी घेऊन दुसऱ्या सरकारी पदावर जाण्यासाठी दिलेला राजीनामा हा राजीनामाच नव्हे. म्हणजे माणूस राजीनामा देतो, वरिष्ठ तो मंजूर करतात, खुर्ची रिकामी होते, निरोप समारंभात शाल आणि श्रीफळ मिळतं, भाषणं होतात, दोन-तीन जण रडतातसुद्धा, आणि नियम म्हणतो की असं काही झालंच नाही.

याला तांत्रिक राजीनामा म्हणतात. जुन्या एकत्र कुटुंबात वाढलेल्या माणसाला हे चटकन कळतं. मुंबईला नोकरीला निघालेला मुलगा आजोबांच्या पाया पडून गेला, तर त्याचा वाड्यातला हिस्सा शाबूत. तोच मुलगा त्याच गाडीनं, त्याच नोकरीला, न सांगता गेला की पळून गेला. सरकार अजून त्याच वाड्यात राहतं.

आता हा विचारून जाण्याचा भाव काय, ते बघा. जुन्या योजनेत पेन्शन मिळायला किमान १० वर्षं अर्हताकारी सेवा लागते. एका माणसानं जिल्हा परिषदेत ९ वर्षं काढली आणि मंत्रालयात ९ वर्षं. परवानगीनं गेला असेल तर ९ आणि ९ अठरा. न विचारता गेला असेल तर ९ आणि ९ शून्य. पहिलीला ९ वर्षं हातचे शिकवणाऱ्या गुरुजींना हे गणित समजावून सांगताना मला फार जड जायचं. पुढचा हिशेब तर गुरुजींना तोंडी करता येई: शेवटचा मूळ पगार ८०,००० असेल तर निम्मे ४०,०००, त्यावर महागाई वाढेल तशी वाढ, आणि आपल्यामागे बायकोला कुटुंब निवृत्तिवेतन. हे सगळं राजीनाम्याच्या अर्जातल्या एका ओळीवर उभं असतं.

आणि ती ओळ मराठी माणूस हमखास चुकीची लिहितो.

‘वैयक्तिक कारणास्तव मी माझ्या पदाचा राजीनामा देत आहे.’ या राज्यात राजीनाम्याचं दुसरं कारण कोणाला सुचतच नाही. मंत्री वैयक्तिक कारणास्तव जातात, साखर कारखान्याचे संचालक वैयक्तिक कारणास्तव जातात, गणेश मंडळाचा खजिनदारसुद्धा हिशेब मागितला की वैयक्तिक कारणास्तव जातो. तेव्हा गुरुजींनीही तेच लिहिलेलं असतं. त्यामागे सभ्यता असते. इतकी वर्षं ज्यांच्याबरोबर चहा प्यायला त्यांना तोंडावर कसं सांगायचं, की मला तुमच्यापेक्षा बरं मिळालंय? शिवाय नमुना मोबाइलवर मित्राकडून आलेला असतो, आणि मित्र असतो खासगी कंपनीतला. तिथे कारणाशी कोणाला देणंघेणं नसतं.

माझ्याकडे असा अर्ज आला की मी आधी दार लावून घ्यायचो.

“गुरुजी, हे काय लिहिलंत?”

“राजीनामा, भाऊसाहेब.”

“कुठे चाललात?”

“तलाठी म्हणून. निवड झाली. पेढे आणलेत.”

“मग यात तलाठ्याचा उल्लेख कुठाय?”

“ते वैयक्तिकच आहे ना!”

मग मी त्यांचा अर्ज फाडायचो. सरकारी कागद फाडायचं धाडस माझ्या हातून एरवी झालं नाही. पेढा खाऊन मी नवा मजकूर सांगायचो आणि ते शुद्धलेखन घातल्यासारखे लिहून घ्यायचे: ‘तलाठी पदासाठी मी कार्यालयाच्या पूर्वपरवानगीने व योग्य मार्गाने अर्ज केला होता. सदर पदावर रुजू होण्यासाठी माझा तांत्रिक राजीनामा मंजूर करून मला कार्यमुक्त करण्यात यावे.’ यात एकदाही ‘मनःपूर्वक’ किंवा ‘ऋणी’ हे शब्द नाहीत म्हणून गुरुजी खट्टू व्हायचे. मी म्हणायचो, ऋण निरोप समारंभात फेडा.

पण अर्ज बरोबर झाला म्हणजे काम झालं असं नाही. मंजुरीच्या आदेशातही तेच शब्द यायला हवेत, आणि आदेश टंकलेखक जुन्याच आदेशावरून करतो. जुना आदेश कोणाचा? तर लग्नानंतर नोकरी सोडून अमेरिकेला गेलेल्या कोणा बाईंचा. त्यामुळे तलाठ्याच्या आदेशात ‘यापुढे शासकीय सेवेत कोणताही हक्क राहणार नाही’ हे वाक्य आपोआप येऊन बसतं. साहेब सही करतात, कारण वाक्य भारदस्त वाटतं. ते वाक्य मी किती आदेशांतून उपटून काढलं असेल! निवृत्त झालो त्या दिवशीही ते संगणकात जिवंत होतं.

आता ‘पूर्वपरवानगी’ची गंमत. पूर्व म्हणजे अर्ज करण्यापूर्वी. नियम सोपा आहे: नोकरीत असताना दुसरीकडे अर्ज करायचा तर कार्यालयाला कळवा, नाहरकत घ्या. पण स्पर्धा परीक्षा देणारा कुठला मुलगा हे आधी सांगेल? नापास झाला तर सगळं कार्यालय त्याला वर्षभर ‘काय कलेक्टर?’ म्हणून हाक मारणार. म्हणून तो पोटदुखीची वैद्यकीय रजा टाकतो, पुण्याला सदाशिव पेठेतल्या अभ्यासिकेत जाऊन बसतो, आणि ऑनलाइन अर्जात ‘आपण शासकीय सेवेत आहात काय?’ या प्रश्नाशी आला की थबकतो. ‘होय’ केलं तर नाहरकत मागतील. ‘नाही’ केलं तर खोटं ठरेल आणि वर मागची सेवाही जाईल. यशाचा भरवसा नसलेला माणूस या क्षणी ‘पुढचं पुढे’ म्हणतो. पुढचं पुढे येतं ते निकालाच्या दिवशी. त्या दिवशी तो फेटा उतरवून थेट आमच्याकडे पळत येतो आणि गेल्या वर्षीच्या तारखेचं नाहरकत प्रमाणपत्र मागतो.

गेल्या वर्षीच्या तारखेला पत्र घालायचं तर गेल्या वर्षीचा जावक क्रमांक हवा. आमच्या बारनिशीत एक जुने भाऊसाहेब होते. ते दर महिन्याच्या शेवटी वहीत दोन-चार ओळी कोऱ्या ठेवत. कशासाठी, हे मी त्यांना कधी विचारलं नाही. त्यांच्या निरोप समारंभाला बाहेरच्या खात्यांतले बरेच तरुण अधिकारी आले होते, एवढं मला आठवतं.

साहेबांचीही बाजू असते. नाहरकत देणं म्हणजे आपल्या हातानं आपला माणूस घालवणं. एक जागा रिकामी झाली की ती भरायला पाच वर्षं लागतात, आणि तोवर जनगणना येते, निवडणूक येते, पीक पंचनामे येतात. म्हणून काही साहेब लोकांची ‘हरकत नाही’ असं लिहितानाही हरकत असते. एक साहेब लिहीत, ‘सदर कर्मचाऱ्याच्या निवडीस या कार्यालयाची हरकत नाही, तथापि ते कार्यालयास अत्यंत आवश्यक आहेत.’ ज्या कर्मचाऱ्याबद्दल हे लिहिलं, त्याला साहेबांनी त्याच महिन्यात ‘कामात शून्य’ म्हणून नोटीस दिली होती. दोन्ही कागद मीच टंकलेखकाकडे नेले. माणूस जाणार म्हटल्यावर त्याची किंमत कळते, ती अशी.

हे सगळं जमलं की कार्यमुक्तीचा दिवस येतो, आणि इथे सरकार अचानक घड्याळाकडे बघू लागतं. तुम्हाला मध्यान्हपूर्व सोडलं की मध्यान्होत्तर? मध्यान्होत्तर सोडलं तर तो दिवस जुन्या कार्यालयाचा. दुसऱ्या दिवशी मध्यान्हपूर्व नव्या ठिकाणी हजर झालात तर मधे फक्त रात्र राहते, आणि रात्रीबद्दल शासन काही विचारत नाही. पण मध्यान्हपूर्व सुटलात आणि पाठीवर बॅग टाकून यष्टीनं निघालात, तर तो अख्खा दिवस कोणाचाच नाही. तुम्ही त्या दिवशी नागरिक होता.

दोन नोकऱ्या दोन गावांना असतील तर नियम प्रवासाला सवड देतो. तिला पदग्रहण अवधी म्हणतात. केंद्राच्या १९७९ च्या नियमांत १,००० किलोमीटरपर्यंत १० दिवस आहेत, आणि गाव तेच असेल तर १ दिवस. मधला खंड या सवडीत बसला, तर शिल्लक रजेतून तो भरून काढता येतो किंवा क्षमापित करता येतो. ‘क्षमापित’ हा शब्द मला फार आवडतो. तुम्ही गुन्हा असा काही केलेला नसतो. सोलापूरहून गडचिरोलीला जायला वेळ लागतो, एवढंच. तरी शासन क्षमा करतं.

तिकडे रेल्वेत सिकंदराबादला असलेला आणि तलाठी होऊन लातूरला परतलेला मुलगा वेगळ्याच पेचात असतो. रेल्वे केंद्राची, तलाठी राज्याचा. एका सरकारनं सेवा घ्यायची आणि दुसऱ्यानं पेन्शन द्यायची, हा घरोबा कसा चालवायचा याबद्दल केंद्राचं एक पत्रक ३१ मार्च १९८२ चं आहे, आणि केंद्रातून विद्यापीठं किंवा संशोधन संस्थांसारख्या स्वायत्त संस्थांत जाणाऱ्यांसाठी दुसरं ऑगस्ट १९८४ चं. माझ्या खणात दोन्हींच्या झेरॉक्स होत्या. झेरॉक्सची झेरॉक्स होत होत त्यांचा मजकूर इतका पुसट झाला होता, की शेवटी शेवटी मी ती पत्रकं वाचून नव्हे तर पाठ म्हणून दाखवत असे. पलीकडचा अधिकारी कागद उजेडाला धरायचा, मान डोलवायचा आणि मान्य करायचा. छाप स्पष्ट असती तर त्यानं वाद घातला असता.

मराठी माणसाला पेन्शनचा मोह असतो असं लोक म्हणतात, त्याला ऐतिहासिक कारण आहे. आमचा सर्वांत मोठा पेन्शनर म्हणजे दुसरा बाजीराव. १८१८ च्या जूनमध्ये त्यानं सर जॉन माल्कमपुढे शरणागती पत्करली आणि वर्षाला ८ लाख रुपये ठरवून घेऊन तो कानपूरजवळ बिठूरला राहायला गेला. पेशवाई सोडताना ‘वैयक्तिक कारणास्तव’ असं त्यानं लिहून दिलं नाही, अटी नीट घालून घेतल्या, याबद्दल आस्थापनेचा माणूस म्हणून मला त्याचा आदर वाटतो. माल्कमनं फारच सढळ हातानं दिलं म्हणून वरिष्ठ नाराज झाले, तेही आमच्याकडच्यासारखंच. १८५१ च्या जानेवारीत वारेपर्यंत बाजीरावानं ती पेन्शन जवळजवळ ३३ वर्षं खाल्ली. पुढे सरकारी नोकराला पूर्ण पेन्शनसाठी ३३ वर्षांची सेवा ही अट बरीच वर्षं होती. बाजीरावाकडून वसूल न झालेली वर्षं आमच्याकडून वसूल केली, असा माझा संशय आहे. त्याच्यामागे दत्तक मुलगा नानासाहेब यांचा प्रस्ताव डलहौसीच्या काळात नामंजूर झाला. नानासाहेबांनी अपील केलं, अजीमुल्ला खानाला थेट लंडनला पाठवलं, तो हात हलवत परत आला. पुढे १८५७ साली काय झालं ते सर्वांना माहीत आहे. प्रकरण तुंबवून ठेवणाऱ्या कारकुनांना मी हा दाखला नेहमी द्यायचो. त्यांच्यावर त्याचा परिणाम झाला असं म्हणता येणार नाही.

आताच्या मुलांना हे ४१८ आणि ४६ काही ठाऊक नसतं, कारण त्यांच्यासाठी काळ वेगळा सुरू झाला. केंद्रात १ जानेवारी २००४ पासून, महाराष्ट्रात १ नोव्हेंबर २००५ पासून. शासन निर्णय निघाला ३१ ऑक्टोबरला. दुसऱ्या दिवसापासून नोकरीला लागणाऱ्यांना जुनी पेन्शन नाही, अंशदान योजना. त्या वर्षी १ नोव्हेंबरला दिवाळीचं लक्ष्मीपूजन होतं. मुहूर्त कोणी काढला कल्पना नाही, पण लक्ष्मी कोणत्या दारानं गेली याची तारीख इतकी नेमकी क्वचितच मिळते.

नव्या योजनेत मात्र एक सोय झाली, ती मान्य केली पाहिजे. प्रत्येकाला बारा अंकी कायम खाते क्रमांक मिळाला. पगारातून १० टक्के तुमचे, १४ टक्के सरकारचे. तुम्ही तलाठ्याचे निरीक्षक व्हा, राज्यातून केंद्रात जा, क्रमांक तोच. दोरा तुटायचा प्रश्न नाही. म्हणजे पेन्शनची शाश्वती होती तेव्हा ती एका कार्यालयातून दुसऱ्यात नेताना माणूस म्हातारा व्हायचा, आणि शाश्वती गेली तेव्हा ती कुठेही बरोबर नेण्याची चोख व्यवस्था झाली. मुलं मोबाइलवर शिल्लक बघतात. बाजार वर गेला की कार्यालयात चहा सांगतात.

त्यात ज्यांचा एक पाय २००५ च्या अलीकडे आणि एक पलीकडे, त्यांची परीक्षा सगळ्यांत कठीण. २००३ ला शिक्षक झालेला माणूस २००८ ला निरीक्षक झाला. तांत्रिक राजीनाम्यानं गेला असेल तर तो अजून २००३ चाच, जुन्या पेन्शनचा. नुसता राजीनामा देऊन गेला असेल तर तो २००८ ला नव्यानं जन्माला आला. अशा माणसाचं सगळं त्या मंजुरीच्या एका कागदावर, तोही पाच वर्षं शाळेच्या कपाटात खडूच्या खोक्याखाली पडलेला. मी असे लोक बघितलेत, की घराच्या खरेदीखतापेक्षा तो कागद ते जास्त जपतात. एकानं तो बँकेच्या लॉकरमध्ये ठेवला होता, बायकोच्या पाटल्यांशेजारी. पाटल्या पुढे मुलीला दिल्या. कागद कोणालाच दिला नाही.

मार्च २०२३ मध्ये राज्यभर संप झाला, ‘एकच मिशन, जुनी पेन्शन’च्या घोषणा झाल्या. २०२४ च्या फेब्रुवारीत शासनानं एक खिडकी उघडली: ज्यांच्या पदाची जाहिरात १ नोव्हेंबर २००५ पूर्वी निघाली होती, पण नेमणूक नंतर झाली, त्यांना एकदाच जुन्या पेन्शनचा पर्याय. झालं! सगळा महाराष्ट्र जाहिरात शोधू लागला. वीस वर्षांपूर्वीचं वर्तमानपत्र. ज्यात बायकांनी कपाटांच्या फळ्या मढवल्या, ज्यात भेळवाल्यानं भेळ दिली, ज्याची रद्दी किलोनं गेली, त्या पानाला अचानक जन्मभराच्या पगाराची किंमत आली. सार्वजनिक ग्रंथालयांत, जिथे एरवी निवृत्त माणसं डुलक्या काढतात, तिथे मध्यमवयीन अधिकारी जुन्या फायली चाळत बसले. ग्रंथपालांना इतका मान आयुष्यात मिळाला नव्हता.

हे सगळं पाहून एक गोष्ट मनात येते, ती सांगून टाकतो. आमदार-खासदारांनाही पेन्शन असते. त्यांनी पक्ष बदलला तर आधीच्या पक्षाकडून नाहरकत लागत नाही, योग्य मार्गानं अर्ज नाही, मध्यान्हपूर्व की मध्यान्होत्तर असा प्रश्न नाही. काही जण तर मध्यरात्रीनंतर जातात. १९८५ साली पक्षांतराला आळा घालायला घटनेत दहावं परिशिष्ट आलं. पण पेन्शन मोजताना माणूस कोणत्या पक्षातून कोणत्या पक्षात गेला हा रकानाच नाही. सभागृहातली वर्षं ती वर्षं. विधानसभेतून लोकसभेत गेला तर दोन्हीकडची. आस्थापनेच्या टेबलावर बसून मला त्यांचा हेवा वाटला तो सत्तेचा नाही, सेवापुस्तक नसण्याचा.

कारण सेवापुस्तक म्हणजे प्राणापेक्षा जपायची वस्तू, आणि ते कधीही माणसाबरोबर जात नाही. माणूस नव्या ठिकाणी रुजू होतो, पुस्तक मागाहून टपालानं येतं. ते स्वतःच्या हातांनी न्यायला कर्मचारी धडपडतो, आणि ‘हस्तदेय देऊ नये’ म्हणून आम्ही धडपडतो. वाटेत जिल्हाच बदलला तर विचारूच नका. १ जुलै १९९८ ला धुळ्यातून नंदुरबार आणि अकोल्यातून वाशिम वेगळे झाले, १९९९ ला परभणीतून हिंगोली आणि भंडाऱ्यातून गोंदिया, २०१४ ला ठाण्यातून पालघर. नकाशावर ती रेघ फार सुबक दिसते. पण दप्तरांचे गठ्ठे ट्रकमध्ये भरताना कोणता कर्मचारी कोणत्या जिल्ह्याचा हे हमालानं ठरवलेलं असतं. अशाच एका वाटणीत, कोणत्या ते सांगत नाही, एका माणसाचं सेवापुस्तक एका जिल्ह्यात आणि पुरवणी पानं दुसऱ्यात राहिली. दोन्ही कार्यालयं एकमेकांना ‘आपल्याकडील अभिलेखात शोध घ्यावा’ असं लिहीत राहिली. दरम्यान त्या माणसाच्या मुलाला नोकरी लागली, आणि बापानं त्याला पहिला सल्ला दिला तो झेरॉक्स मशीन विकत घेण्याचा.

पण सगळ्यावर कडी केली ती आमच्याच कार्यालयातल्या एका अव्वल कारकुनांनी. माणूस कमालीचा टापटिपीचा. १९९४ साली ते एका खात्यातून आमच्या खात्यात आले, सगळं रीतसर: परवानगी, योग्य मार्ग, तांत्रिक राजीनामा, आदेशात तेच शब्द. २ जुलै १९९४ रोजी मध्यान्होत्तर कार्यमुक्त, ४ जुलै १९९४ रोजी मध्यान्हपूर्व हजर. निवृत्तीपूर्वी त्यांचं पुस्तक वेतन पडताळणी पथकाकडे गेलं आणि शेरा घेऊन परत आलं: ‘दि. ३ जुलै १९९४ या एका दिवसाच्या सेवाखंडाबाबत खुलासा करावा.’

आम्ही लिहिलं, सदर दिवशी रविवार होता.

पथकानं लिहिलं, पुरावा जोडावा.

रविवार होता याचा पुरावा कुठून आणायचा? संगणकावर दाखवला तर म्हणाले, संगणक त्या वेळी होता का? मग कारकुनांच्या शेजारच्या वहिनींनी माळ्यावरून १९९४ चं कालनिर्णय शोधून काढलं. वहिनी जुनी कालनिर्णयं टाकत नसत, कारण त्यांवर दुधाचा हिशेब असे. जुलैचं पान अगदी जसंच्या तसं निघालं. ३ तारीख लाल, रविवार, कोणीही बघावं. आम्ही त्याची छायाप्रत काढली, राजपत्रित अधिकाऱ्याकडून ‘मूळ प्रतीवरून तपासले’ असा शिक्का मारून घेतला, पृष्ठ क्रमांक दिला आणि प्रकरण समारंभानं रवाना केलं. कार्यालयात वडे सांगितले होते, ते मला आठवतं.

महिन्याभरानं पुस्तक परत आलं. शेरा लाल शाईत होता: ‘जोडपत्राचे अवलोकन केले. रविवार असल्याचे दिसून येते. तथापि सदर दिनांकासमोर हस्ताक्षरात “खाडा” अशी नोंद आहे. त्याचा खुलासा व्हावा.’